मानदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर कुणी घेतलंय का? फरक पडतो का?

शाईपेन
नमस्कार मंडळी. मी नाशिकला हायस्कूलवर शिकवते. मान दुखायला लागून वर्ष होत आलं. पेपरचे गठ्ठे आले की जास्तच. उजव्या बाजूला कवटीच्या खालपासून खांद्याच्या पात्यापर्यंत ओढ लागते, सकाळी उठलं की मान वळत नाही, स्कूटीवर मागे बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागतं. हाडाच्या डॉक्टरांनी एक्सरे काढला, म्हणाले मणक्यांची थोडी झीज आहे, वयाप्रमाणे असते, घाबरू नका. गोळ्या चालू असतात तोवर बरं, संपल्या की परत तेच, वर पित्ताचा त्रास वेगळा. शाळेतल्या एक मॅडम अ‍ॅक्युपंक्चरला जातात, त्यांचा आग्रह आहे की एकदा येच. घरात दोन पक्ष पडलेत, सासूबाई म्हणतात जाऊन ये, नवरा म्हणतो सुया टोचून कुठे मान बरी होते. तर अनुभव सांगा. दुखतं का, किती दिवसांनी फरक कळतो, धोका काय, आणि माणूस चांगला आहे हे ओळखायचं कसं?

कृष्णाकाठ
ताई, बिनधास्त जा. माझी मान दोन वर्षं धरलेली होती, आता मस्त आहे. सांगलीत घेतलं.

लिंबूटिंबू
मी इथे फक्त वाचायला बसलोय. सुई म्हटलं की मला घाम फुटतो. मानेत?? डोळ्यांदेखत??

ठाणेदार
@लिंबूटिंबू डोळ्यांदेखत नाही रे, पालथं झोपवतात, दिसतच नाही काही :)
शाईपेन ताई, माझं काम दिवसभर लॅपटॉपवर, त्यामुळे मान आणि खांद्याच्या वरचा स्नायू दगड झाला होता. मी घेतलं तेव्हा काय काय झालं ते सांगतो म्हणजे अंदाज येईल. पहिल्या दिवशी त्या बाईंनी सुई काढलीच नाही, नुसतं विचारत होत्या, हाताला मुंग्या येतात का, झोप कशी, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का, आधीचे रिपोर्ट दाखवा. मग पालथं झोपवलं, चेहऱ्यासाठी टेबलाला भोक असतं. स्पिरिटचा बोळा फिरवला. सुई एका बारीक नळीतून येते, नळी कातडीवर टेकवतात आणि वरून टिचकी मारतात, ती टिचकीच जास्त जाणवते. इंजेक्शनच्या सुईशी तुलनाच नाही, ही केसासारखी बारीक असते आणि पोकळ नसते. मग त्या सुई हळूच फिरवतात आणि आत काहीतरी जड, ओढल्यासारखं वाटतं. ठणका नाही, जडपणा. त्या म्हणाल्या हे वाटलं पाहिजे, पण विजेसारखी कळ गेली तर लगेच सांगा.
मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते हाताच्या सुईचं. दुसऱ्या एका दिवशी मान अगदी अवघडली होती तर मानेला हातच लावला नाही, तळहाताच्या मागच्या बाजूला, बोटांच्या हाडांमध्ये सुई लावली आणि म्हणाल्या आता मान हळूहळू वळवा. वळली! पूर्ण नाही पण येताना जेवढी वळत होती त्याच्या दुप्पट. का वळली ते मला माहीत नाही, मी फक्त झालं ते सांगतोय.
पहिल्या दोन-तीन वेळांत फार काही नाही, नंतर झोप सुधारली, मग दुखणं उतरलं. मध्ये व्यायाम सोडला तेव्हा परत आलं हेही खरं.

तर्कट
मी विरोधात लिहिणार आहे, राग मानू नका. मानदुखीचा स्वभावच असा की ती चढते आणि उतरते. माणूस उपचाराला कधी जातो? सगळ्यात जास्त दुखत असताना. म्हणजे त्यानंतर काहीही करा, उतारच पडणार. मग श्रेय सुईला. त्यात शांत खोली, वीस-पंचवीस मिनिटं झोपून राहणं, कुणीतरी आपुलकीने विचारपूस करणं, ह्यानेही बरं वाटतंच. चाचणीत खरी सुई आणि खोटी सुई अशी तुलना केली की फरक फार लहान निघतो. २००४ साली इंग्लंडमध्ये जुनाट मानदुखीच्या १३५ लोकांवर एक चाचणी झाली, अर्ध्यांना सुया, अर्ध्यांना वीज न सोडलेलं मशीन नुसतं जोडून ठेवलं. दोन्हीकडच्या लोकांना बऱ्यापैकी आराम पडला. सुईवाल्यांना थोडा जास्त, पण इतका थोडा की रोजच्या जगण्यात त्याने फरक पडेल असं त्या संशोधकांनीच म्हटलं नाही.

कृष्णाकाठ
तर्कटराव, माझी मान दोन वर्षं नुसतीच चढत होती, उतरायचं नावच नव्हतं.

सोलापूरकर
अ‍ॅक्युपंक्चरचा धागा आणि सोलापूरचा उल्लेख नाही? आमचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस! चीनला गेले ते १९३८ साली, पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून, आणि ही विद्या भारतात त्यांच्यामुळे आली. लुधियानाला त्यांच्या नावाचं अ‍ॅक्युपंक्चर हॉस्पिटल आहे.

रानजाई
@सोलापूरकर अर्धं बरोबर आहे दादा. कोटणीस परत आलेच नाहीत ना, १९४२ च्या डिसेंबरात तिथेच गेले, बत्तिसाव्या वर्षी. ते तिकडे युद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर शस्त्रक्रिया करत होते. त्याच पथकातले डॉ. बिजॉय कुमार बसू १९५८ मध्ये पुन्हा चीनला गेले, तिथे अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्याला येऊन सुरू केलं. कोटणीसांचं नाव त्या हॉस्पिटलला आदराने दिलंय. त्यांचं मोठेपण त्याने तसूभरही कमी होत नाही.

सोलापूरकर
धन्यवाद ताई, बसूंचं माहीत नव्हतं. तरी पथकात सोलापूरचा माणूस होता हे महत्त्वाचं :)

भूलवाली
मी भूलतज्ज्ञ आहे, गेली काही वर्षं वेदना-क्लिनिकमध्येही बसते. दोन्ही बाजूंनी थोडं लिहिते, लांबेल.
तर्कट म्हणतात ती चाचणी खरी आहे. पण दुसरी बाजूही बघा. जर्मनीत मानदुखीच्या १४,००० हून जास्त पेशंटवर मोठा अभ्यास झाला, २००६ साली छापून आला, त्यात नेहमीच्या उपचारांसोबत सुया घेणाऱ्यांची मान नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्ट सुधारली. मग २०१५ साली इंग्लंडमधल्या यॉर्कच्या लोकांनी ५१७ जणांचे तीन गट केले. एकाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्यासोबत अ‍ॅक्युपंक्चर, जास्तीत जास्त १२ वेळा, तिसऱ्याला बसण्या-उठण्याची ढब सुधारणारे अलेक्झांडर तंत्राचे धडे. वर्षाने मोजलं तर दुसरा आणि तिसरा गट दोन्ही पहिल्यापेक्षा पुढे, आणि दोघांचा फायदा जवळपास सारखाच.
तर माझं मत असं: काहीच वेगळं न करण्यापेक्षा सुया बऱ्या, हे बऱ्यापैकी पक्कं आहे. अ‍ॅक्युपंक्चरच्या नकाशातल्या नेमक्या ठरलेल्या बिंदूंवर टोचल्यामुळे होतं का, ह्यावर वाद आहे आणि तो चालू राहील. पेशंटला मात्र वर्षभर गोळ्या खाऊन पोट बिघडवण्यापेक्षा हा रस्ता बरा पडू शकतो. आपल्या शरीराची स्वतःची वेदनाशामकं, एंडॉर्फिन वगैरे, सुईने सुटतात हे दिसलेलं आहे, म्हणजे अगदीच हवेतली गोष्ट नाही.
आता महत्त्वाचं. सुईच्या आधी बघायचं ते: हातात जोर कमी झालाय का, वस्तू हातातून पडतात का, चालताना तोल जातो का, लघवीवरचा ताबा, ताप, विनाकारण वजन उतरणं, नुकताच पडण्याचा किंवा अपघाताचा मार. ह्यातलं एकही असेल तर सुया, मालिश, शेक सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर. शाईपेन, तुमच्या लिहिण्यात ह्यातलं काही दिसत नाही, त्यामुळे घेऊन बघायला हरकत नाही.

तर्कट
@भूलवाली यॉर्कच्या चाचणीत खोट्या सुईचा गटच नव्हता. आणि दोन पूर्ण वेगळ्या गोष्टींचा फायदा सारखाच निघतो ह्याचा अर्थ मी असा घेतो की दोन्हीकडे माणसाला मिळालेला वेळ आणि लक्ष कामी आलं.

भूलवाली
शक्य आहे. मी ते नाकारत नाही. पण मग पेशंटला इतका वेळ देणारं दुसरं कोण आहे ते सांगा. आमच्या ओपीडीत बाहेर रांग असते, एकेकाला पाच मिनिटंही मिळत नाहीत.

म्हापशेंकार
आमच्याकडे मान धरली की पहिला उपाय खोबरेल तेल गरम करून चोळायचं, दुसरा उपाय न्हावी. दाढी झाली की दोन्ही हातांनी हनुवटी धरून कट्ट करून मान मोडून देतो. मस्त मोकळं वाटतं. सुयांपेक्षा स्वस्त.

भूलवाली
@म्हापशेंकार तेल चोळा, पण ते कट्ट कृपा करून बंद करा! मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात, झटका बसला तर त्या आतून फाटू शकतात आणि पक्षाघात होऊ शकतो. तरुण माणसांतही होतं. सलूनमध्ये कुणी हनुवटीला हात घातला तर सरळ नको म्हणा.

म्हापशेंकार
बाप रे. इतकी वर्षं करून घेतोय. आजपासून बंद. भावालाही सांगतो.

मृ_फिजिओ
शाईपेन ताई, तुम्ही अ‍ॅक्युपंक्चर घ्या किंवा नका घेऊ, मला तुमच्या टेबलाविषयी विचारायचंय. पेपर तपासताना कागद सपाट टेबलावर आणि मान तासन्‌तास खाली, हेच ना? डोकं साडेचार-पाच किलोचं, सरळ असतं तेव्हा मणका पेलतो, पुढे झुकलं की मागच्या स्नायूंनी ओढून धरायचं. तुम्ही सांगितलेली जागा, कवटीखाली आणि पात्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत, तिथे पात्याला मानेशी जोडणारा स्नायू असतो, तोच बहुतेक रडतोय. कागद उतरत्या फळीवर घ्या. जुन्या पेढीवर मुनीमजींसमोर असायचं तसलं उतरतं डेस्क, तेच टेबलावर ठेवायचं. जाड फाइलवर पॅड तिरकं ठेवलं तरी चालेल. दर अर्ध्या तासाने उठायचं, घड्याळ लावून.
आणि व्यायाम. हनुवटी सरळ मागे ढकलायची, खाली नाही, मागे, दुहेरी हनुवटी होते तशी, पाच सेकंद धरायची, दहा वेळा. खांद्याची पाती मागे एकमेकांकडे आणायची, तेही दहा वेळा. नुसतं ताणून भागत नाही, ताकद यावी लागते, त्याला दोन-तीन महिने लागतात. सुईचा खरा उपयोग मला इथेच दिसतो, दुखणं उतरलं की माणूस व्यायाम करू लागतो. जे नुसत्या सुया घेऊन घरी जाऊन परत तसेच बसतात ते काही महिन्यांनी पुन्हा येतात. आम्हीही ड्राय नीडलिंग करतो, सुया त्याच, पण आम्ही स्नायूतली गाठ हाताने शोधून तिथेच टोचतो, चिनी नकाशा वापरत नाही.

ठाणेदार
+१. माझंही हेच झालं, व्यायाम सुटला की मान परत.

बर्लिनकर
इकडची गंमत सांगतो. जर्मनीत सरकारी विमा २००७ पासून अ‍ॅक्युपंक्चरचे पैसे देतो, पण फक्त जुनाट कंबरदुखी आणि गुडघ्याच्या संधिवातासाठी. मानेला नाही! माझी बायको मानेसाठी खिशातून भरते, शेजारची आजी गुडघ्यासाठी विम्यातून घेते, त्याच डॉक्टरकडे. हिला फायदा झाला का तर हो, डोकेदुखी जास्त कमी झाली, मान थोडी.

वैद्य_अ
आयुर्वेदात विद्धकर्म आहे, पुण्यात बरेच वैद्य करतात. सुई टोचून लगेच काढतात, ठेवत नाहीत. अग्निकर्मही, म्हणजे तापवलेल्या सळईने चटका देणं, मानदुखीत वापरतात. हे आणि अ‍ॅक्युपंक्चर एकच समजू नये एवढंच, इथे पुढे कुणीतरी ते विचारणार म्हणून आधीच लिहिलं.

रानजाई
माझा अनुभव वाईट आहे, तोही असू दे धाग्यावर. ज्यांच्याकडे गेले त्यांनी मानेला धड हात न लावता नाडी बघून सांगितलं की थायरॉइड, साखर, मान, सगळं एकत्र बरं होईल, थायरॉइडची गोळी बंद करा. तीन महिन्यांचं पॅकेज, पैसे आधी. सुया एका ट्रेमध्ये उघड्या ठेवलेल्या, स्पिरिटने पुसून परत वापरत होते, मी डोळ्यांनी पाहिलं. मी तिथूनच उठले. शाईपेन, तुमचा शेवटचा प्रश्न ‘माणूस कसा ओळखायचा’ हाच खरा प्रश्न आहे, आणि त्याला कुणी नीट उत्तर दिलेलं नाही.

भूलवाली
रानजाई, उठलात ते उत्तम केलंत. पुसलेल्या सुईने कावीळ ब पसरू शकते. सुई प्रत्येक वेळी नवी, सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फाडलं पाहिजे, आणि वापरलेली सुई लगेच सुयांच्या डब्यात. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे, केंद्र सरकारनेही २०१९ मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली आहे, त्यामुळे नोंदणी आहे का हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. जो ह्या प्रश्नावर चिडतो त्याच्याकडे जायचं नाही. चालू गोळी बंद करायला सांगतो त्याच्याकडेही नाही.
अजून एक, हे फार कुणी सांगत नाही. मान आणि खांद्याच्या मधोमध जो उंचवटा असतो तिथे अ‍ॅक्युपंक्चरचा एक प्रसिद्ध बिंदू आहे, मानदुखीत हमखास वापरतात. त्याच्या खालीच फुप्फुसाचं टोक असतं. सुई सरळ खोल गेली तर छातीत हवा भरू शकते. क्वचित होतं, शिकलेला माणूस तिथे उथळ किंवा तिरकी सुई घालतो किंवा स्नायू चिमटीत उचलून टोचतो. सुयांनंतर दम लागला, श्वास घेताना छातीत दुखलं तर वाट न बघता दवाखान्यात जायचं.

लिंबूटिंबू
मी वाचायला बसलो होतो तो आता पाणी प्यायला उठलोय.

नानाकाका
मुलांनो, मीही विचारतो. वय ७२. मान दोन वर्षं आखडलेली. दुखणं म्हणावं तसं फार नाही, पण हात बधिर वाटतात, हल्ली शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, ही लावून देते. सही वेडीवाकडी येते, बँकेतून चेक परत आला. सगळे म्हणतात वय झालं. अ‍ॅक्युपंक्चरने हाताचा बधिरपणा जाईल का? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे.

भूलवाली
काका, तुम्ही आत्ता अ‍ॅक्युपंक्चरला जाऊ नका. मालिशही नाही. बटणं लागत नाहीत, अक्षर बदललं, हे वयावर ढकलायचं लक्षण नाही. मानेत मज्जारज्जूवर दाब येत असेल तर नेमकं असंच होतं, दुखतं कमी आणि हाताचं बारीक काम आधी जातं. चालताना पाय जड वाटतात का, अंधारात तोल जातो का? ह्याच आठवड्यात न्यूरॉलॉजिस्ट किंवा मणक्याच्या सर्जनना दाखवा आणि त्यांना बटणांचं नि सहीचं आवर्जून सांगा, नुसतं ‘मान दुखते’ सांगू नका.

नानाकाका
अंधारात भिंत धरून चालतो हे खरं आहे. मुलाला फोन केला आत्ताच.

मृ_फिजिओ
काका, लवकर जा आणि इथे कळवा.

ठाणेदार
धागा वर आणतोय. नानाकाका, दाखवलंत का? शाईपेन ताई, तुमचं काय ठरलं?

नानाकाका
दाखवलं. एमआरआय झाला. मज्जारज्जू दोन ठिकाणी दबलाय. सर्जन म्हणाले आहे ते हातातून जाऊ नये म्हणून ऑपरेशन करू, गेलेलं सगळं परत येईल असा शब्द देता येत नाही. पुढच्या आठवड्यात तारीख आहे. रक्ताची गोळी कधी थांबवायची ते हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ते स्वतः ठरवणार आहेत. त्या डॉक्टरबाईंना माझे आशीर्वाद. मुलाने हा धागा त्याच्या आत्यालाही वाचायला दिलाय.

भूलवाली
काका, सगळं नीट होऊ दे. भूल देणाऱ्यांना मान मागे किती जाते ते आधीच सांगा, त्यांनाही उपयोग होतो.

शाईपेन
काका, काळजी घ्या, आम्ही सगळे वाट बघतोय.
माझं सांगते. मी गेले. पाकीट समोर फाडलं, नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवरच होतं. सुरुवातीला दोन दिवस उलट जास्त दुखलं, मग हळूहळू ओढ कमी झाली. आता महिना होऊन गेला. सकाळी मान वळते, उजवीकडे अजून थोडी अडते. गोळी एखाद्या दिवशीच लागते. नवरा म्हणतो डेस्कमुळे झालं, सासूबाई म्हणतात सुयांमुळे. मी दोन्ही एकदमच सुरू केलं त्यामुळे मला सांगता येत नाही. मृ ताई, सुताराकडून उतरती फळी करून घेतली, खाली पट्टी ठोकली म्हणजे पेपर घसरत नाहीत. आमच्या स्टाफरूममध्ये अजून तिघींनी सांगितलीय.

तर्कट
शाईपेन, बरं वाटतंय हे वाचून मनापासून आनंद झाला. आता सुया थांबवून व्यायाम आणि फळी चालू ठेवून बघा, दोन-तीन महिन्यांनी इथे लिहा. मान तशीच राहिली तर निदान तुमच्यापुरतं कळेल.

शाईपेन
चालेल. आता पुढच्या वेळा तशाही लांबच्याच दिल्यात, त्या थांबवते आणि सहामाहीचे पेपर झाले की लिहिते.

पारिजात_नागपूर
उशिरा आले धाग्यावर. मला सहावा महिना आहे, मान आणि खांदे भयंकर दुखतात, गोळ्या घ्यायच्या नाहीत म्हणून अ‍ॅक्युपंक्चरचा विचार करतेय. चालतं का?

भूलवाली
आधी तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा, आणि सुया देणाऱ्याला पहिल्या वाक्यातच दिवस गेल्याचं सांगा. वर मी लिहिलेला खांद्यावरचा बिंदू आणि अंगठा-तर्जनीच्या मधला बिंदू गरोदरपणात टाळायची त्यांच्यात रीत आहे. हे दोन्ही बिंदू मानेसाठी सर्रास वापरतात म्हणून मुद्दाम सांगतेय. शिवाय पालथं झोपवणार नाहीत, कुशीवर घेतील. डोकं फार दुखत असेल, डोळ्यांसमोर काजवे चमकत असतील किंवा चेहऱ्यावर सूज असेल तर ती मानदुखी समजून थांबू नका, आजच बीपी बघून घ्या.

पारिजात_नागपूर
काजवे नाहीत, सूज पायावर थोडी आहे. बीपी संध्याकाळी बघून येते.